दत्तक व्यक्तीचा जन्ममाहितीचा हक्क

दत्तक गेलेल्या व्यक्तीला आपल्या जन्माविषयी नोंदली गेलेली माहिती मागण्याचा जो कायदेशीर अधिकार असतो, त्यास जन्ममाहितीचा हक्क असे म्हणतात. जन्मदात्या मातापित्यांची नावे, जन्मस्थळ व जन्मतारीख, मूल दत्तकासाठी सोपविले जाण्याची कारणे, कुटुंबातील आजारांचा इतिहास आणि मूल संस्थेत असतानाच्या नोंदी हे या माहितीचे मुख्य घटक होत. भारतात हा हक्क बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ आणि त्याखालील दत्तक विनियम यांच्या चौकटीत येतो. सरकारी परिभाषेत तो ‘रूट सर्च’, म्हणजे मुळांचा शोध, या नावाने ओळखला जातो.

हा हक्क माहितीपुरता आहे. जन्मदात्यांना भेटण्याचा किंवा त्यांच्याशी नाते जोडण्याचा हक्क त्यातून उत्पन्न होत नाही. भेट उभयपक्षी संमतीनेच होऊ शकते. जन्मदात्या कुटुंबाच्या मालमत्तेत वाटा मिळावा असाही त्याचा अर्थ नाही. माहिती आणि संपर्क या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे या विषयावरील पुष्कळशी चर्चा भरकटते, म्हणून हा भेद आरंभीच लक्षात घेणे इष्ट ठरते.

शब्दयोजना

मराठीत दत्तकासंबंधी बोलताना ‘खरे आईवडील’ हा शब्दप्रयोग सर्रास होतो. त्यातून वाढविणारे आईवडील खोटे ठरतात, म्हणून या क्षेत्रातील कार्यकर्ते ‘जन्मदाते पालक’ आणि ‘दत्तक पालक’ हे शब्द वापरतात. या लेखातही तेच वापरले आहेत. ‘अनाथ’ हा शब्दही जपून वापरावा लागतो. कायद्याच्या दृष्टीने दत्तकयोग्य बालके तीन प्रकारची असतात. ज्याचे मातापिता वा पालक हयात नाहीत किंवा सांभाळण्यास असमर्थ आहेत ते अनाथ बालक, ज्याला कोठेतरी सोडून दिले ते परित्यक्त बालक आणि ज्याला मातापित्यांनी बालकल्याण समितीपुढे रीतसर सोपविले ते समर्पित बालक. पुढे मोठेपणी किती माहिती हाती लागेल हे बहुतांशी या वर्गवारीवरच ठरते. समर्पित बालकाच्या बाबतीत नावानिशी सही केलेला दस्तऐवज असतो. परित्यक्त बालकाच्या बाबतीत बहुधा पोलिसांची नोंद, सापडल्याचे ठिकाण व वेळ आणि वैद्यकीय तपासणीवरून ठरविलेले अंदाजी वय एवढाच ऐवज असतो. अशा व्यक्तीची ‘जन्मतारीख’ ही पुष्कळदा डॉक्टरांनी केलेला अंदाज असते.

परंपरेतील दत्तक आणि गुप्ततेचा उगम

गुप्तता हा भारतीय दत्तकप्रथेचा मूळ धर्म नव्हे. धर्मशास्त्रातील दत्तकविधानात मूल देणे आणि घेणे हा उघड, साक्षीदारांसमक्ष होणारा विधी होता. मूल देण्याचा अधिकार केवळ त्याच्या मातापित्यांना असल्यामुळे ते कोणाचे हे सर्वांना ठाऊक असे. दत्तकपुत्राचा विवाह जन्मदात्या कुळातील निषिद्ध नात्यांत होऊ शकत नसे. तेव्हा जन्मकुळ ठाऊक असणे ही केवळ मुभा नव्हती, ती गरज होती. बडोद्याच्या महाराणी जमनाबाई यांनी १८७५ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथील गोपाळराव यास दत्तक घेतले आणि तो सयाजीराव गायकवाड झाला. १८८४ साली कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. या दोघांचेही जन्मदाते पिते कोण हे कोणापासून लपलेले नव्हते आणि कोणी लपविलेही नाही.

गुप्ततेची वाट दुसरीकडून आली. विधवेला पुनर्विवाह दुर्मीळ आणि गर्भधारणा झाल्यास आत्महत्या, भ्रूणहत्या किंवा नवजात बालकाची हत्या एवढेच मार्ग उरलेले, अशा काळात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. येथे येऊन कोणाच्या नकळत बाळंत व्हावे आणि मूल हवे तर ठेवून जावे, असे आश्वासन त्यांनी विधवांना दिले होते. येथेच एका ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मलेला मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला, तोच यशवंत. पंढरपुरातही १८७५ साली अशाच हेतूने बालहत्या प्रतिबंधक गृह उभे राहिले. या संस्थांच्या दाराशी मिळालेल्या गुप्ततेच्या वचनाने कित्येक जीव वाचले. आजच्या वादात गुप्ततेला केवळ समाजाच्या खोट्या प्रतिष्ठेचे लक्षण मानण्याची प्रवृत्ती दिसते. ती इतिहासाला धरून नाही. वचन आईला दिले होते आणि ते आवश्यकही होते. त्या वचनाची किंमत पुढे एका तिसऱ्याच व्यक्तीला, म्हणजे मुलाला, मोजावी लागेल हा विचार मात्र तेव्हा कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते.

हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ आल्यानंतर मुलीही दत्तक घेता येऊ लागल्या आणि स्त्रियांना स्वतःच्या नावे दत्तक घेण्याचा अधिकार मिळाला. १९६२ सालच्या दुरुस्तीने ज्याचे मातापिता अज्ञात आहेत अशा मुलालाही पालक न्यायालयाच्या परवानगीने दत्तक देऊ शकेल अशी सोय झाली. येथून संस्थेमार्फत होणाऱ्या दत्तकाला, आणि त्याबरोबर अपरिचित कुटुंबांतील दत्तकाला, कायद्याचा पाया लाभला. जुन्या पद्धतीत देणारा आणि घेणारा समोरासमोर असत. नव्या पद्धतीत दोघांमध्ये संस्था आली आणि माहिती संस्थेच्या कपाटात गेली.

परदेशी दत्तक आणि १९८४ चा निकाल

१९७० आणि १९८० च्या दशकांत मुंबई, पुणे व इतर शहरांतील संस्थांतून अनेक मुले युरोप व अमेरिकेत दत्तक गेली. परदेशी नागरिकांना हिंदू कायद्याखाली दत्तक घेता येत नसल्यामुळे, ते पालक व पाल्य अधिनियम, १८९० खाली येथील न्यायालयाकडून मुलाचे पालकत्व मिळवीत आणि दत्तकविधान आपल्या देशात करीत. म्हणून अशा व्यक्तींच्या मूळ नोंदी शोधताना भारतात ‘दत्तकाचा हुकूम’ सापडत नाही. सापडतो तो पालकत्वाचा अर्ज आणि त्यावरील आदेश. जिल्हा किंवा उच्च न्यायालयाच्या दप्तरातील ही कागदपत्रे जन्ममाहितीचा महत्त्वाचा साठा आहेत, कारण मूल दत्तकासाठी मोकळे कसे झाले हे संस्थेला अर्जात सांगावे लागे.

या व्यवहारांतील गैरप्रकारांकडे लक्ष वेधणाऱ्या एका वकिलाच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयात ‘लक्ष्मीकांत पांडे विरुद्ध भारत सरकार’ हे प्रकरण उभे राहिले. ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्या. प्र. न. भगवती यांनी त्याचा निकाल दिला. परदेशी दत्तकासाठी कार्यपद्धती घालून देणारा निकाल म्हणून तो प्रसिद्ध आहे; त्यात जन्ममाहितीचाही विचार झाला आहे, याची चर्चा मात्र कमी होते. मूल लहान असताना त्याला जन्मदात्यांची माहिती देणे इष्ट नाही, त्याने त्याचे मन अस्थिर होईल. ते सज्ञान झाल्यावर त्याने विचारणा केल्यास ती देण्यास फारशी हरकत नसावी, असे न्यायालयाने म्हटले. परंतु माहिती द्यायची की नाही, आणि द्यायची तर केव्हा, हा निर्णय दत्तक पालकांच्या विवेकावर सोपविला.

या भूमिकेतील गाठ सहज दिसते. सज्ञान झालेल्या व्यक्तीच्या जन्माची माहिती तिला द्यावी की नाही, हे तिच्याऐवजी तिच्या पालकांनी ठरवायचे होते. १९८४ साली तरी जन्ममाहिती हा दत्तक व्यक्तीचा हक्क मानला गेला नव्हता. ती पालकांच्या इच्छेवर अवलंबून असलेली सवलत होती. तरीही एक पाऊल पडले होते. माहिती जपली जावी आणि ती कधी तरी मुलापर्यंत पोहोचू शकते, हे देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने मान्य केले होते.

यानंतर दोन आंतरराष्ट्रीय करारांनी हक्काची भाषा आणली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या बालहक्क संहितेतील कलम ७ प्रत्येक मुलाला शक्य तेथवर आपले मातापिता जाणून घेण्याचा हक्क देते आणि कलम ८ त्याची ओळख जपण्याची जबाबदारी राज्यसंस्थेवर टाकते. भारत या संहितेत डिसेंबर १९९२ मध्ये सामील झाला. दुसरा करार आंतरदेशीय दत्तकाविषयीचा १९९३ चा हेग करार. भारताने तो २००३ साली मान्य केला. त्याचे कलम ३० असे सांगते की मुलाच्या मुळाविषयीची माहिती, विशेषतः मातापित्यांची ओळख आणि वैद्यकीय इतिहास, सक्षम अधिकाऱ्यांनी जपून ठेवावी आणि त्या देशाचा कायदा परवानगी देईल तितपत, योग्य मार्गदर्शनासह, ती मुलाला पाहू द्यावी. ‘कायदा परवानगी देईल तितपत’ या शब्दांत प्रत्येक देशाला मोकळीक ठेवलेली आहे. जपण्याचे कर्तव्य मात्र निरपवाद आहे.

भारतातील सध्याची तरतूद

१९९० साली स्थापन झालेल्या केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणास (संक्षेपाने ‘कारा’) २०१५ च्या अधिनियमाने वैधानिक दर्जा दिला. हे प्राधिकरण दत्तक विनियम तयार करते. २०१७ च्या विनियमांत मुळांच्या शोधाविषयी स्वतंत्र विनियम होता. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या नव्या विनियमांतही तो कायम आहे.

दत्तक व्यक्तीने विचारणा केल्यास संबंधित यंत्रणांनी तिच्या शोधास साहाय्य करावे, ही त्यातील मूळ आज्ञा. या यंत्रणांत विशेष दत्तक संस्था, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, राज्य दत्तक संसाधन संस्था, प्राधिकरण, परदेशातील मान्यताप्राप्त दत्तक संस्था व तेथील केंद्रीय अधिकारी, तसेच भारतीय वकिलाती यांचा समावेश होतो. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला स्वतंत्रपणे अर्ज करता येतो. त्याहून लहान मुलाचा अर्ज दत्तक पालकांसह करावा लागतो. १९८४ च्या निकालाशी तुलना केली असता बदल येथे स्पष्ट होतो. सज्ञान व्यक्तीला आता पालकांच्या संमतीची गरज राहिलेली नाही.

जन्मदात्यांनी समर्पणाच्या वेळी आपले नाव गुप्त ठेवावे अशी स्पष्ट विनंती केली असेल तर त्यांची संमती घेतल्यावाचून ओळख उघड करता येत नाही. त्यांनी नकार दिला, किंवा त्यांचा ठावठिकाणा लागला नाही, तर ज्या कारणांनी व परिस्थितीत मूल सोपविले गेले ती दत्तक व्यक्तीला सांगितली जाते. म्हणजे नाव मिळाले नाही तरी ‘का’ या प्रश्नाचे उत्तर मिळण्याची सोय कायद्याने ठेवली आहे. शोध घेणाऱ्या अनेकांना हेच उत्तर अधिक मोलाचे वाटते. नकोसे म्हणून टाकले की परिस्थितीमुळे सोडावे लागले, हा प्रश्न नावाइतकाच खोल असतो.

आणखी दोन अटी आहेत. त्रयस्थाकरवी शोध घेता येत नाही, आणि दत्तक मुलाच्या हक्काने जन्मदात्या मातापित्यांच्या खासगीपणाच्या हक्काचा भंग होता कामा नये. दत्तकाच्या नोंदी गोपनीय ठेवण्याचे बंधन सर्व यंत्रणांवर आहे.

समर्पणाची प्रक्रियाही येथे समजून घ्यावी, कारण माहितीचा उगम तेथेच आहे. मूल सोपवू इच्छिणाऱ्या मातेला वा मातापित्यांना मुलासह बालकल्याण समितीपुढे यावे लागते. चौकशी व समुपदेशन झाल्यावर समर्पणाचा दस्तऐवज होतो आणि फेरविचारासाठी दोन महिन्यांचा अवधी मिळतो. तो लोटल्यावरच बालक दत्तकासाठी विधितः मोकळे घोषित करता येते. याखेरीज बालकाचा अध्ययन अहवाल व वैद्यकीय तपासणी अहवाल तयार होतात. दत्तकाचा आदेश पूर्वी न्यायालय देई. २०२१ च्या दुरुस्तीनुसार सप्टेंबर २०२२ पासून तो जिल्हाधिकारी देतात. त्यानंतर दत्तक पालकांची नावे असलेला जन्मदाखला मिळतो. शाळा, पासपोर्ट, नोकरी या सर्व ठिकाणी हाच दाखला चालतो आणि त्यावर जन्मदात्यांचा मागमूस नसतो. त्यामुळे भारतात मूळ माहितीचे केंद्र जन्मदाखला नसून संस्थेची व समितीची फाइल हे आहे.

दोन हक्कांचा ताण

या विषयातील खरा पेच कायद्याच्या शेवटच्या अटीत आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील मूलभूत हक्क असल्याचे जाहीर केले. आता हा अनुच्छेद दोन्ही बाजूंना उपयोगी पडतो. आपण कोण, कोठून आलो हे जाणून घेणे हा प्रतिष्ठेने जगण्याचा भाग आहे, असे दत्तक व्यक्ती म्हणू शकते. आयुष्यातील एक प्रसंग आपण मागे टाकला आहे, तो कोणापुढे उघड करायचा हे मीच ठरवीन, असे तिची आई म्हणू शकते.

प्रत्यक्षात ही आई बहुधा आता उतारवयात आहे. तिचे लग्न झालेले असते, मुले-नातवंडे असतात आणि पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची ती गोष्ट त्यांतील कोणालाही ठाऊक नसते. गावात सरकारी शिक्क्याचे पत्र आले तरी चौकात चर्चा होते. म्हणून अनुभवी समाजकार्यकर्ते पत्र न पाठविता, कारण न सांगता, प्रथम तिला एकटीला गाठण्याचा प्रयत्न करतात. हे काम सावकाशीचे असते. शोध घेणाऱ्याला हा विलंब टाळाटाळ वाटतो. काही वेळा ती टाळाटाळ असतेही. परंतु प्रत्येक वेळी ती तशी असते असे मानणे अन्यायाचे होईल.

दुसऱ्या बाजूने पाहता, आईने गुप्तता मागितली होती असे गृहीत धरणे हीही एक सोयीची सवय आहे. विनियमाची भाषा स्पष्ट आहे: गुप्ततेची ‘विनंती’ झालेली असली पाहिजे. पुष्कळ स्त्रियांना असा काही पर्याय आहे हे कोणी विचारलेच नव्हते. घरच्यांनी आणले, सही वा अंगठा घेतला आणि परत नेले. तिच्या मौनाचा अर्थ नकार असाच लावणे म्हणजे तिच्या वतीने दुसऱ्यांनी घेतलेला निर्णय तिच्याच नावावर खपविणे होय. म्हणून फाइलीत तशी विनंती लेखी आहे की नाही, हे पाहणे शोधाच्या कामातील पहिले पाऊल ठरते.

अन्य देशांतील वाटा

हाच ताण इतर देशांनी कसा सोडविला हे पाहिले असता तीन निरनिराळ्या वाटा दिसतात.

ब्रिटनमध्ये स्कॉटलंडने १९३० साली दत्तकाचा कायदा केला तेव्हापासूनच सतरा वर्षांवरील दत्तक व्यक्तीला मूळ जन्मनोंद पाहण्याची मुभा ठेवली. शेजारच्या इंग्लंड व वेल्समध्ये १९२६ च्या कायद्याने ती दिली नव्हती. पुढे इंग्लंडमध्ये सुधारणेचा विचार सुरू झाला तेव्हा स्कॉटलंडचा हा दीर्घ अनुभव हाताशी होता. जॉन ट्रिसेलिऑटिस यांनी नोंद पाहणाऱ्या स्कॉटिश दत्तक व्यक्तींचा अभ्यासही केला होता. इंग्लंडने १९७५ च्या कायद्याने हा हक्क दिला आणि तो नोव्हेंबर १९७६ पासून अमलात आला. कायदा पूर्वलक्षी असल्यामुळे, ज्या मातांना ‘हे कधीही उघड होणार नाही’ असे सांगितले गेले होते त्यांचा प्रश्न होता. तेव्हा १२ नोव्हेंबर १९७५ पूर्वी दत्तक गेलेल्यांना माहिती मिळण्याआधी समुपदेशकाची भेट सक्तीची केली गेली. हक्क नाकारला नाही, त्याच्या वाटेत एक संभाषण ठेवले. पुढे एका प्रकरणात, मानसिक रुग्णालयात स्थानबद्ध असलेल्या व हत्या केलेल्या इसमापासून त्याच्या आईस धोका संभवतो म्हणून माहिती नाकारणे न्यायालयाने ग्राह्य मानले. हक्क पक्का असला तरी निरपवाद नाही, हे त्यातून दिसले.

आयर्लंडची वाट अधिक खडतर होती. तेथे अविवाहित मातांना मातृगृहांत ठेवून त्यांची मुले दत्तक देण्याची दीर्घ परंपरा होती आणि काही मुलांची नोंद तर सरळ दत्तक पालकांची औरस अपत्ये म्हणून बेकायदा केली गेली होती. १९९८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने जन्मदात्या आईची ओळख जाणण्याचा हक्क घटनेत अनुस्यूत असल्याचे मान्य केले, परंतु तो आईच्या खासगीपणाच्या हक्काशी तोलून पाहावा असे म्हटले. या तराजूपाशी कायदा वीसहून अधिक वर्षे अडून राहिला. अखेर २०२२ च्या कायद्याने तो प्रश्न सोडविला. ऑक्टोबर २०२२ पासून सोळा वर्षांवरील प्रत्येक दत्तक व्यक्तीला आपला मूळ जन्मदाखला व उपलब्ध माहिती मिळते. संपर्क नको असलेल्या मातापित्यांना तशी नोंद करता येते. अशी नोंद असल्यास अर्जदाराला ती इच्छा एका माहितीबैठकीत समजावून सांगितली जाते आणि नंतर दाखला दिला जातो. खासगीपणाचा आदर संपर्काच्या टप्प्यावर करावा, माहितीच्या टप्प्यावर नव्हे, हे त्यामागील तत्त्व आहे. भारतीय विनियम नेमका याच्या उलट, माहितीच्या टप्प्यावरच थांबतो.

फ्रान्सने तिसरी वाट धरली. तेथे स्त्रीला नाव न सांगता प्रसूत होण्याचा कायदेशीर अधिकार आहे. २००२ साली तेथे एक राष्ट्रीय परिषद स्थापन झाली; ती दत्तक व्यक्तीची विनंती आईपर्यंत पोहोचविते आणि तिने मान्य केले तरच ओळख सांगते. आईने प्रसूतीच्या वेळी मोहोरबंद लिफाफ्यात काही माहिती ठेवावी असे तिला सुचविले जाते. फेब्रुवारी २००३ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ओदिएव्र प्रकरणात ही व्यवस्था दहा विरुद्ध सात मतांनी ग्राह्य ठरविली. २०१२ साली मात्र त्याच न्यायालयाने गोदेल्ली प्रकरणात इटलीला दोषी धरले, कारण तेथे आईला पुन्हा विचारण्याची कोणतीच सोय नव्हती. भारताची पद्धत फ्रान्सच्या बरीच जवळची आहे. परंतु फ्रान्समध्ये हे काम एक राष्ट्रीय परिषद करते, आपल्याकडे ते प्रत्येक संस्थेच्या व समितीच्या कुवतीवर अवलंबून राहते.

अमेरिकेत हा विषय राज्यांच्या अखत्यारीत आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला बहुतेक राज्यांनी मूळ जन्मदाखले मोहोरबंद केले. कॅन्सस व अलास्का यांनी ते कधीच केले नाहीत. ऑरेगॉनमध्ये १९९८ साली मतदारांनी थेट कौल देऊन ते खुले केले आणि न्यूयॉर्कमध्ये जानेवारी २०२० पासून ते मिळू लागले.

प्रत्यक्षातील अडचणी

कागदावर हक्क असला तरी कागदच उरला नसेल तर तो निरुपयोगी ठरतो. जुन्या काळी नोंदी हस्तलिखित वह्यांत होत. संस्था बंद पडल्या, जागा बदलल्या. वाळवी, पूर आणि रद्दी यांनी आपापला वाटा उचलला. प्रसूतिगृहांत स्त्रिया पुष्कळदा खोटे नाव-गाव सांगत आणि कर्मचारी ते समजून-उमजून लिहून घेत. मुलाचे नाव बहुधा संस्थेने ठेवलेले असे. त्यामुळे फाइलीतील नाव आईने हाक मारलेले असेलच असे नाही.

गैरप्रकारांची सावली येथेही पडते. स्वित्झर्लंडमधील झुरिख व थुरगाऊ या प्रांतांनी १९७३ ते २००२ या काळात भारतातून आलेल्या मुलांच्या दत्तकांचा अभ्यास करवून घेतला. तपासलेल्या फाइलींत जन्मदात्यांच्या संमतीची कागदपत्रे नसल्याचे त्यात दिसून आले. जेथे संमतीच कागदावर नाही तेथे मुळाचा शोध हा केवळ वैयक्तिक ओढीचा विषय राहत नाही. आपले दत्तक कायदेशीर होते काय, हा प्रश्नही त्यात मिसळतो.

त्रयस्थास मनाई असल्यामुळे परदेशस्थ व्यक्तीला आपल्या वतीने येथील माहीतगारास पाठविणे कठीण जाते. मराठी न येणारी, येथील कचेऱ्यांची रीत न जाणणारी व्यक्ती थोड्या दिवसांच्या रजेत येते आणि बहुधा रिकाम्या हाताने परतते. या मनाईचा हेतू मातेचे संरक्षण हा आहे आणि तो योग्यही आहे. कारण पैसे घेऊन शोध लावून देणारे लोक गावात जाऊन मोकळेपणाने चौकशा करतात तेव्हा आईचे गुपित तिच्या शेजाऱ्यांना तिच्याआधी कळते. तरीही अर्जदाराने स्वतः अधिकारपत्र दिलेला वकील किंवा समाजकार्यकर्ता आणि असा बाजारी शोधक यांत फरक करण्यास जागा आहे.

शेवटी उरतात ते हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाखाली झालेले दत्तक. २०१५ चा अधिनियम त्यांना लागूच नाही असे त्याच्या कलम ५६ मध्ये म्हटले आहे. नात्यातील किंवा ओळखीतील मूल नोंदणीकृत दस्तऐवजाने घेतले जाते, तेथे मुळांच्या शोधाचा विनियम मदतीस येत नाही. आधार उरतो तो निबंधकाच्या कचेरीतील दस्तऐवजाचा. त्याच कायद्याच्या कलम १२ मध्ये जुन्या धर्मशास्त्राचा एक धागा शिल्लक आहे. दत्तक व्यक्ती जन्मदात्या कुटुंबात राहिली असती तर जिच्याशी तिचा विवाह होऊ शकला नसता, तिच्याशी तो दत्तकानंतरही होऊ शकत नाही. संस्थेतून या कायद्याखाली दत्तक गेलेल्या व्यक्तीपुढे त्यामुळे विलक्षण कोडे उभे राहते: ज्या कुटुंबाची नावे तिला सांगितली जात नाहीत, त्याच कुटुंबातील निषिद्ध नाती टाळण्याचे बंधन तिच्यावर आहे.

अलीकडे परदेशस्थ दत्तक व्यक्ती व्यावसायिक जनुकीय चाचण्यांचा आधार घेऊ लागल्या आहेत. थुंकीचा नमुना पाठविला की त्याच कंपनीकडे चाचणी केलेले दूरचे आप्त कळतात आणि त्यांच्या वंशावळीवरून जन्मदात्यांपर्यंत पोहोचता येते. इंग्लंड-अमेरिकेतील अनेकांचा शोध असा पूर्ण झाला. भारतातून अशी चाचणी करणाऱ्यांची संख्या फार कमी असल्यामुळे येथील शोधात तिचा उपयोग मर्यादित राहतो. जो काही होतो तो बहुधा परदेशी स्थायिक झालेल्या एखाद्या चुलत वा मावस भावंडामार्फत होतो. अशा रीतीने मिळालेल्या माहितीला दत्तक विनियमांतील संमतीची कोणतीही अट लागू होत नाही.